कुंपणाबाहेरची आयरिस: टेक्ससमधल्या एका घरगुती दफनभूमीचं प्रकरण

हे प्रकरण डॅलसच्या उत्तरेकडचं आहे. गेल्या काही वर्षांत तिथल्या शेतांच्या वसाहती झाल्या. त्यातल्या एका वसाहतीच्या एचओएवर, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीच्या कमिटीवर, मी चार वर्षं होतो. गाव, घराणं आणि वसाहत ओळखू येईल असं सगळं गाळलं आहे. कायद्याचे मुद्दे टेक्ससचे आहेत, दुसऱ्या राज्यात ते तसेच लागू होतील असं नाही. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या प्रकरणातल्या दोन सर्वांत मोठ्या चुका ज्या कागदाने झाल्या, त्यावर सही माझी होती.

पार्श्वभूमी

१८४१ साली टेक्सस हा स्वतंत्र देश होता आणि त्याला माणसं हवी होती. 'पीटर्स कॉलनी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या कराराखाली उत्तर टेक्ससमध्ये येऊन वस्ती करणाऱ्या कुटुंबप्रमुखाला ६४० एकर आणि एकट्या पुरुषाला ३२० एकर जमीन मिळत असे. ६४० एकर म्हणजे बरोबर एक चौरस मैल. केंटकी, टेनेसी, मिझुरी, इलिनॉय अशा राज्यांतून लोक बैलगाड्या जोडून आले. आपल्या प्रकरणातलं घराणं त्यांपैकीच एक, केंटकीहून आलेलं.

अशा घराण्यांचे मृत शेतातच पुरले जात. चर्च लांब, रस्ते चिखलाचे, ऑगस्टमधला उन्हाळा असा की प्रेत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवणं अवघड. मग शेतातला थोडा उंचवटा बघायचा, शक्यतो झाडाजवळचा, आणि तिथे पहिला खड्डा घ्यायचा. इथलं पहिलं दफन दोन वर्षांच्या मुलाचं. त्याच्या दगडावर कोकरू कोरलेलं आहे. लहान मुलांच्या कबरींवर त्या काळी सर्रास कोकरू असे. शेवटचं दफन १९३१चं. मधल्या ऐंशी वर्षांत ३४ कोरीव दगड उभे राहिले. सगळ्यांचे पाय पूर्वेकडे, पुनरुत्थानाच्या सकाळी उठताना तोंड सूर्याकडे असावं म्हणून.

मंदीच्या काळात शेत विकलं गेलं. खरेदीखतात 'दफनभूमीची जागा वगळून' एवढे शब्द होते. पुढच्या प्रत्येक खरेदीखतात ते शब्द नकलत आले, पण ती वगळलेली जागा नेमकी केवढी, हे कोणीच मोजून लिहिलं नाही. कापूस गेला, गहू आला, मग गुरांचं कुरण झालं. शेवटी बिल्डरने शेत घेतलं आणि लेआउट पाडला. लेआउटवर लोखंडी कुंपणाच्या आतला दहा गुंठ्यांचा तुकडा 'दफनभूमी' म्हणून राहिला. त्याभोवतीची मोकळी जागा एचओएच्या नावावर आली. आपल्या सातबाऱ्यावर पोटखराबा असतो, तशी त्या तुकड्याची अवस्था होती. जागा आहे, आकारणी नाही, विचारणारं कोणी नाही.

वसाहतीतली निम्म्याहून जास्त घरं भारतीयांची. दफनभूमीला पाठ लावून असलेली चार घरं सर्वांत शेवटी विकली गेली आणि त्यांतलं एक मी घेतलं, कारण तेच परवडत होतं. लातूरहून आलेल्या आईने मागच्या अंगणातून पलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, स्मशानाला टेकून घर घेतलंस?" मी म्हणालो, "आई, शेजारी शांत आहेत." तिला हसू आलं नाही.

अडचण

सुरुवात गवतापासून झाली. गवत १२ इंचांवर गेलं की नगरपालिकेची नोटीस येते. आली. कुंपणाच्या आतलं गवत कापायची जबाबदारी कोणाची हे कोणालाच माहीत नव्हतं, पण नोटीस आमच्या नावाने होती, म्हणून आम्ही आमच्याच गवतवाल्या कंत्राटदाराला आत पाठवलं. त्याच्या बसून चालवायच्या मोठ्या मशीनने तो कोकराचा दगड मुळाशी मोडला. नायलॉनच्या दोरीच्या ट्रिमरने आणखी पाच-सहा दगडांच्या तळाशी खाचा पाडल्या. संगमरवर आपल्याला कठीण वाटतो. दीडशे वर्षांच्या पावसाने त्याचा वरचा थर इतका सैल झालेला असतो की बोट फिरवलं तर साखरेसारखे कण हाताला लागतात.

दुसरी अडचण पाण्याची. नवीन छपरांचं पाणी उताराने थेट उंचवट्याच्या पश्चिम बाजूला येऊन थांबत होतं. तिसरी म्हणजे वसाहतीची पायवाट. मंजूर आराखड्यात ती पूर्वेच्या कुंपणापासून दहा फुटांवरून जात होती, आणि काँक्रीटची ऑर्डर द्यायची वेळ आली होती.

इथे जमिनीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिथली माती म्हणजे आपली काळी कापसाची माती, फक्त इंग्रजी बोलणारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात फुगून वर येणारी. लोक उन्हाळ्यात घराच्या पायाला झिरपणाऱ्या नळीने पाणी घालतात, नाहीतर भिंतींना तडे जातात. मी शिकलेला सिव्हिल इंजिनिअर, लहानपण लातूरच्या काळ्या रानात गेलेलं. पहिल्या वर्षीच मी सगळ्यांना 'ही माती मला माहीत आहे' असं सांगत फिरत होतो. ते वाक्य पुढे माझ्याच अंगावर आलं.

पहिला निर्णय: श्रमदान

कोकरू मोडल्यावर वसाहतीत हळहळ झाली. शाळकरी मुलांना सेवेचे तास हवे होते. एका शनिवारी साठेक जण जमले. मी साहित्याची यादी मंजूर केली होती: ब्लीच, तारेचे ब्रश, प्रेशर वॉशर, कचऱ्याच्या पिशव्या. दुपारपर्यंत दगड पांढरेशुभ्र झाले. फोटो छान आले.

ब्लीचमधले क्षार दगडाच्या छिद्रांत जातात, सुकताना त्यांचे स्फटिक होतात आणि आतून ढकलत पृष्ठभाग फोडतात. तारेच्या ब्रशने खरवडलेल्या जागी शेवाळ आणखी जोमाने धरतं. वर्षभरात सात दगडांची अक्षरं वाचता येईनाशी झाली. बरोबर पद्धत सोपी आणि कंटाळवाणी आहे. आधी दगड पक्का आहे का बघायचा, मग भरपूर साधं पाणी, मऊ नैसर्गिक केसांचा ब्रश आणि खालून वर हात. शेवाळासाठी डी-२सारखं द्रावण लावायचं आणि ते आठवडे-महिने आपलं काम करतं तोवर वाट पाहायची. अमेरिकेतल्या राष्ट्रीय दफनभूमींत हेच वापरतात. एक फोन केला असता तर कळलं असतं.

पण ब्लीच ही त्या दिवसाची लहान चूक. मोठी चूक कुंपणाच्या बाहेर झाली. पूर्वेच्या बाजूला बोडार्कचं एक म्हातारं झाड आहे. या झाडाचं लाकूड सहजासहजी कुजत नाही, म्हणून जुने लोक कुंपणाच्या खांबांना तेच वापरत. त्या झाडाच्या आसपास गवतात ओबडधोबड दगड पडलेले होते, विटेपासून ते छोट्या उशीएवढ्या आकाराचे. पायवाटेच्या मार्गात येतात म्हणून मुलांनी ते उचलून झाडाच्या बुंध्याशी नीट रचले. मी शाबासकी दिली.

खोल काळ्या रानात दगड आपोआप येत नाही. लातूरच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, बांधावर दगड दिसला तर तो कोणीतरी आणलेला असतो. मला हे पाचवीत असल्यापासून माहीत होतं. त्या दिवशी आठवलं नाही.

वंशज

श्रमदानानंतर आम्ही फाटकाला कुलूप लावलं. हेतू चांगला होता, पण टेक्ससच्या आरोग्य व सुरक्षा संहितेच्या ७११व्या प्रकरणानुसार दफनभूमीला भेट द्यायला येणाऱ्या माणसाला वाजवी वेळी तिथे पोचण्याचा हक्क आहे, मधली जमीन कोणाचीही असो. आपल्या भाषेत वहिवाट. आम्ही ती अडवून बसलो होतो.

पुढच्या मार्चमध्ये ऐंशी ओलांडलेल्या एक बाई मुलाबरोबर गाडीने आल्या, कुलूप पाहून परत गेल्या आणि कमिटीला हाताने लिहिलेलं पत्र पाठवलं. पत्रात राग नव्हता. त्यांच्या आजीचे आईवडील तिथे आहेत, आणि वर्षातून एकदा आयरिस फुलते तेव्हा त्या येतात, एवढंच लिहिलं होतं. मी किल्ली घेऊन त्यांना भेटायला गेलो. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना 'मिस' लावून पहिल्या नावाने बोलवायचं होतं, माझ्या तोंडातून मात्र 'मॅम'च निघत राहिलं. इथे त्यांना आजीबाई म्हणतो.

आजीबाई कुंपणाच्या आत पाचेक मिनिटं थांबल्या. मग काठी टेकत बाहेर आल्या आणि बोडार्कच्या दिशेने गेल्या. तिथे पांढऱ्या आयरिसच्या दोन तुटक ओळी फुलल्या होत्या. त्या म्हणाल्या, लहानपणी आजी आतल्या कबरींवर फुलं ठेवून झाली की उरलेली इथे आणून ठेवायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि यांनीही विचारलं नाही.

ही आयरिस टेक्ससच्या जुन्या दफनभूमींत सगळीकडे दिसते. शास्त्रीय नाव आयरिस आल्बिकन्स. मूळची अरबस्तानातली, मुसलमान कबरींवर लावत लावत ती स्पेनला गेली, तिथून नव्या जगात आली. महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही वांझ आहे, तिला बी धरत नाही. ती फक्त कंदाने वाढते, म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला तिला माणसाचा हात लागतो. कुंपणापासून पंचवीस फुटांवर ती ओळीत उभी असेल, तर ती कोणीतरी ओळीत लावली आहे.

मी झाडाच्या बुंध्याशी रचलेल्या दगडांच्या ढिगाकडे पाहिलं. आजीबाईंनीही पाहिलं. "हे दगड पूर्वी असे नव्हते," त्या म्हणाल्या.

समोर असलेले पर्याय

बिल्डरच्या वकिलाने सुचवलेला पर्याय स्थलांतराचा होता. सगळं उचलून गावाच्या मोठ्या सिमेट्रीत न्यायचं. टेक्ससमध्ये एकदा दफनासाठी राखलेली जमीन न्यायालयाने ते राखीवपण काढेपर्यंत दफनभूमीच राहते. वंशजांना विचारावं लागतं, रीतसर परवाने लागतात. काळ्या मातीत दीडशे वर्षांनी शवपेटीचे खिळे, बटणं आणि मातीचा डाग एवढंच उरलेलं असण्याचा संभव, मग नेमकं काय 'हलवलं' म्हणायचं? आजीबाईंनी नाही म्हटलं आणि हा विषय संपला. तो इतका सहज संपला याचं मला आजही नवल वाटतं.

नगरपालिकेने जागा ताब्यात घ्यावी हा दुसरा पर्याय. सोडून दिलेल्या दफनभूमी घेण्याची मुभा पालिकेला असते, सक्ती नसते. त्यांनी सहानुभूतीचं पत्र पाठवलं.

काहीच न करता कुंपण नीट करून आत गवत वाढू द्यावं, असंही एका सभासदाचं मत होतं. ऐकायला वाईट, पण आमच्या श्रमदानापेक्षा त्याने कमी नुकसान झालं असतं हे खरं.

चौथा पर्याय म्हणजे ना-नफा संस्था काढायची, तिच्यात वंशज, वसाहत आणि काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, इतिहासप्रेमी घ्यायचे, टेक्सस हिस्टॉरिकल कमिशनकडे 'हिस्टॉरिक टेक्सस सिमेट्री' हा दर्जा मागायचा. १९९८पासून ही सोय आहे, दफनभूमी किमान ५० वर्षं जुनी असावी लागते. या दर्जाने सरकार पैसे देत नाही की राखण करत नाही. त्याने होतं एवढंच की दफनभूमीची जागा आणि हद्द काउंटीच्या जमीनदफ्तरी कायमची चढते. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' रकान्यात नोंद पडावी तसं. पुढच्या कुठल्याही खरेदीदाराला ती दिसते. हाच पर्याय आम्ही धरला, पण त्या अर्जासाठी हद्द सांगावी लागते. आणि हद्द कुठे आहे हाच तर प्रश्न होता.

दुसरा निर्णय: बघायचं की नाही

या प्रकरणातला खरा निर्णय हा होता.

कमिटीत पाच जण. कुंपणाबाहेर कबरी आहेत का याचा शोध घ्यायचा, की लेआउटवरचं कुंपण हीच हद्द मानून पुढे जायचं? कायदा असा की अज्ञात किंवा सोडून दिलेली दफनभूमी आढळली तर आढळल्यापासून १० दिवसांत काउंटी क्लार्ककडे सूचना दाखल करावी लागते, आणि तिथल्या अवशेषांना धक्का लागेल असं बांधकाम करता येत नाही. म्हणजे सापडलं तर पायवाट हलणार, खर्च वाढणार, चार घरांच्या मागे आणखी कबरी लागणार. न बघता काँक्रीट ओतलं तर सगळं आराखड्याप्रमाणे.

एक सभासद, स्वभावाने सज्जन माणूस, स्पष्ट म्हणाला, "शोधलंच नाही तर सापडणारही नाही." दुसऱ्या सभासदाने घरांच्या किमतीचा मुद्दा काढला. मीही त्या चार घरांपैकी एकाचा मालक, त्यामुळे मी बोललो तर स्वार्थ दिसणार आणि गप्प राहिलो तरी दिसणार. सभेला आलेल्या एका मराठी काकूंनी विचारलं, "पण ते बाहेर का पुरलेत? आत जागा होती की."

सभा इंग्रजीत चालली होती, प्रश्न मला मराठीत विचारलेला. उत्तर देताना माझ्या तोंडात 'गावकुसाबाहेर' हा शब्द आला आणि काकूंना पुढचं सांगावं लागलं नाही. इंग्रजीत तोच मुद्दा मांडायला मला दहा मिनिटं लागली. मांडला तोही धड नाही.

मतं तीन विरुद्ध दोन पडली, शोधाच्या बाजूने. तिसरं मत नीतीने मिळालं असं मी सांगणार नाही. आमच्या वकिलाने लक्षात आणून दिलं की आजीबाईंचं पत्र, आयरिसचे फोटो आणि दगडांबद्दलचे माझे मेल आता कमिटीच्या दप्तरात आहेत, त्यामुळे 'आम्हाला माहीत नव्हतं' हे वाक्य आमच्यासाठी संपलेलं आहे. त्यानंतर त्या सभासदाने हात वर केला.

शोध

जमिनीत रडार फिरवून कबरी दिसतात असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटत होतं. पुरातत्त्वज्ञाने पहिल्या भेटीतच त्या समजावर पाणी ओतलं. चिकण मातीत, त्यातही ओल्या, रडारच्या लहरी थोड्याच खोलीत विरून जातात. वाळूच्या जमिनीत जे दिसतं ते काळ्या रानात दिसत नाही. त्यांनी सुचवलेली पद्धत जुनीच. दात नसलेल्या सपाट बादलीचं यंत्र घेऊन वरची माती बोटभर बोटभर थरांत खरवडायची आणि रंग बघायचा. तिथे काळ्या मातीखाली पांढरा, खडूसारखा चुनखडक आहे. कबर खणताना तो वर येतो आणि माती परत लोटताना काळ्यात मिसळतो. त्यामुळे खड्ड्याचा चौकोन करड्या ठिपक्यांनी उमटतो. तो दिसला की थांबायचं, खाली जायचं नाही. हाडं बघायची नाहीत, कबरीचं तोंड तेवढं मोजायचं.

कुंपणाच्या पूर्वेला, पायवाटेच्या आखणीवर आणि भोवती, असे ११ चौकोन दिसले. सगळे पूर्व-पश्चिम. त्यांतले पाच चौकोन चार फुटांपेक्षा लहान. दोन पायवाटेच्या बरोबर मधोमध. आयरिसच्या ओळी त्यांतल्या सहांच्या डोक्याशी जुळल्या. उरलेल्या पाचांची खूण बहुधा दगड हीच होती आणि ती आम्ही उचलली होती. चौथ्या दिवशी काउंटी क्लार्ककडे सूचना दाखल केली.

कोण होते ते

याचं सरळ उत्तर मिळालं नाही आणि मिळणार नाही. १८५० आणि १८६०च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांची वेगळी यादी असे. तिच्यात मालकाचं नाव, पुढे प्रत्येक गुलामाचं वय, लिंग आणि रंग, पण त्याचं स्वतःचं नाव नाही. या घराण्याच्या नावापुढे १८६०ला सात ओळी आहेत. गुलामगिरी संपल्याची घोषणा टेक्ससमध्ये १९ जून १८६५ला झाली. त्यानंतर १८७०च्या जनगणनेत मुक्त झालेल्यांची नावं पहिल्यांदा येतात, पण तोवर कोण कुठे गेलं याचा माग लावणं कठीण. काउंटी कोर्टात मूळ पुरुषाच्या मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी मिळाली. तिच्यात खेचरं आणि गाडी यांच्या मध्ये चार माणसांची पहिली नावं आणि त्यांच्या किमती आहेत.

तरीही ते अकराही गुलामच होते असं म्हणता येत नाही. पुढच्या काळातले वाटेकरी असू शकतात, वाटसरू असू शकतात, नाव ठेवायच्या आधी गेलेली बाळं असू शकतात. पुरातत्त्वज्ञाने अहवालात 'शक्यता' हा शब्द वापरला आणि तो काढायला ठाम नकार दिला. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

आजीबाईंना हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या घराण्यात 'आम्ही साधे शेतकरी, आमच्याकडे कोणी नव्हतं' असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं. त्यांनी यादीची छायाप्रत दोनदा वाचली, घडी घातली आणि विषय बदलला. तीन आठवडे फोन घेतला नाही. मग त्यांच्या मुलाचा फोन आला की आईला संस्थेच्या बैठकीला यायचं आहे.

गावातल्या जुन्या कृष्णवर्णीय मंडळीच्या चर्चशी आम्ही त्याच सुमारास बोललो. त्यांचे पाळक आले, फिरले आणि पहिला प्रश्न विचारला, "ते दगड कोणी हलवले?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती नाराजीने की दमून, ते मला कळलं नाही.

केलेली कामं

पायवाट ४० फूट पूर्वेला सरकवली. नव्या हद्दीला साधं लाकडी कुंपण केलं, जुनं लोखंडी आत तसंच ठेवलं. ते काढून सगळं एकच करावं असा एक प्रस्ताव होता. पाळकांनी तो नाकारला. ते म्हणाले, मध्ये कुंपण होतं हे दिसू दे.

दगड उभे करण्याचं काम प्रशिक्षित कारागिराने केलं. इथे माझा थोडा उपयोग झाला. पूर्वी कोणीतरी काही दगड सिमेंटच्या चबुतऱ्यात गाडले होते. फुगणाऱ्या मातीत असा चबुतरा होडीसारखा डोलतो आणि दगड मानेशी तुटतो. आपल्याकडे काळ्या मातीवर बांधकाम करताना फुगणारी माती काढून खाली मुरमासारख्या न फुगणाऱ्या मातीचा थर देतात. आयआयटी मुंबईच्या डॉ. कट्टींचं त्यावरचं काम आम्ही कॉलेजात शिकलो होतो. इथे त्याचंच छोटं रूप केलं: खड्डा थोडा मोठा घ्यायचा, खडी आणि वाळू ठासून भरायची, दगड त्यात उभा करायचा. माती हलली तर दगड थोडा कलेल, मोडणार नाही. दोन वर्षांनी परत सरळ करायचा. जोडायला लागला तिथे चुन्याचा मसाला, सिमेंट नाही. पुरातत्त्वज्ञाने प्रत्येक खड्ड्याची खोली ठरवून दिली होती आणि तिच्याखाली कुदळ गेली नाही.

पाण्यासाठी पश्चिमेला उथळ चर काढून गवत लावलं. त्या चराच्या जागीही आधी माती खरवडून पाहिली.

माहितीफलकाच्या मजकुरावर पाच महिने गेले. पहिल्या मसुद्यात 'सेवक' शब्द होता, तो पाळकांनी खोडला. दुसऱ्यात 'अकरा गुलामांच्या कबरी' असं होतं, ते पुरातत्त्वज्ञाने. शेवटच्या मजकुरात तीन वेगळी वाक्यं आहेत: जुन्या कुंपणाबाहेर ११ अनामिक दफनं आहेत, १८६०च्या नोंदीनुसार या घराण्याने सात माणसांना गुलाम म्हणून ठेवलं होतं, आणि कोर्टाच्या यादीतली ती चार नावं. नावं कुठल्याही कबरीला जोडलेली नाहीत. किमती लिहायच्या की नाही यावर मत घ्यावं लागलं. लिहिल्या नाहीत. मी लिहाव्या या बाजूने होतो, अजूनही आहे.

निष्पत्ती

ऐतिहासिक दफनभूमीचा दर्जा मिळाला. हद्द जमीनदफ्तरी चढली, लेआउटवरच्या दहा गुंठ्यांऐवजी सतरा. दोन संगमरवरी दगड उभे करण्याच्या पलीकडे गेले होते, ते खडीवर आडवे ठेवले आहेत. ब्लीचने गेलेली अक्षरं गेलीच. त्यांपैकी चार दगडांचा मजकूर आजीबाईंकडच्या १९६०च्या दशकातल्या फोटोंवरून मिळाला, तीन कोरे राहिले. कोकरू जोडलं, सांधा दिसतो.

दफनभूमीमागच्या घरांपैकी एका कुटुंबाने सहा फुटी झुडपांची भिंत उभी केली. दुसऱ्यांनी घर विकलं, आणि किमतीत काही फरक पडल्याचं दिसलं नाही. संस्थेला वर्षाला लागणारे पैसे एचओए देते, पण हा ठराव दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो. पुढची कमिटी तो करेलच याची खात्री नाही. ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत कच्ची वीट आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या नोटिशीनंतर गवत हातकात्रीने फक्त फाटकापर्यंत कापून पालिकेकडे मुदत मागता आली असती. ती मिळते, हे मला नंतर कळलं. त्या मुदतीत प्रत्येक दगडाचा तिरप्या उजेडात फोटो, नकाशावर जागा आणि मजकूर एवढं झालं असतं तर मोडतोड झाल्यावरही नुकसान मर्यादित राहिलं असतं. आरशाने ऊन तिरपं पाडलं की पुसट अक्षरं उठून दिसतात. खडू किंवा दाढीचा फेस लावायची गरज नाही, त्याने दगड खराबच होतो.

श्रमदान चुकीचं नव्हतं, त्याचा क्रम चुकीचा होता. साठ हौशी माणसं एका दिवसात जेवढी माहिती गोळा करू शकतात, तेवढीच नाहीशीही करू शकतात. त्या दिवशी त्यांच्या हातात ब्रशऐवजी मोजपट्टी आणि वही दिली असती तर दगडांच्या जागा आज नकाशावर असत्या.

वंशज शोधायला आम्ही काहीच केलं नाही. त्याच आल्या, आणि कुलपावर आपटून परत गेल्या. चर्चच्या मंडळींना तर आम्ही कबरी सापडल्यानंतर बोलावलं, म्हणजे निर्णय झाल्यावर. मताच्या सभेला ते असायला हवे होते. एचओएच्या नियमात बाहेरच्यांना मत नाही, पण खुर्ची देता आली असती.

दगडांच्या ढिगाचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. श्रमदानाच्या फोटोंमधून मोजले तर ते १४ भरतात, कबरी ११, त्यातल्या पाचांनाच खूण नाही. काहींना दोन दगड असतील, डोक्याशी एक आणि पायाशी एक. अंदाजाने परत मांडावेत असं आजीबाईंचं म्हणणं, मांडू नयेत असं पाळकांचं. माझं म्हणणं कोणी विचारत नाही आणि ते योग्यच आहे. ढीग नव्या कुंपणाच्या आत, बोडार्कखाली आहे. गवतवाल्याच्या करारात आता दोन अटी आहेत: त्या ढिगापासून सहा फुटांच्या आत मशीन न्यायचं नाही, आणि आयरिसची पानं पिवळी पडेपर्यंत पूर्वेची बाजू कापायची नाही.